भेगीत गेलेलं डिझल

पोरीनं गिलासभर पाणी घटाघटा पेलं अन् तवाच मले त्या पाण्याले डिझलचा वास आला, मी तं किंचाळलीच! सकाळीच इंजिनाची डिझलची कॅन माह्या हातून बोअरपाशी कलंडलती, अन् उन्हानं जमिनीले हात जाईन एवढ्या भेगा पडलत्या; सांडलेलं डिझल त्याच भेगीतून बोअरात उतरलं, असं मले वाटलं. "काळी चिकण माती हाय, सूनबाई," मामाजी म्हणे, "पावसाचं पाणी चार दिवस वरच साचून राह्यते, डिझल कसं उतरन?" "मंग तुमची तंबाखूची चंची भेगीत पडली, ते काय वरच तरंगून राह्यली?" सासूबाई म्हणे. मी पळत शेजारच्या बोअरचं पाणी आणलं, गिलास पुसून भरला, तं त्यालेबी तोच वास! "पसरलं वो गावभर," म्हणून मी रडाले लागली. सासूबाईनं गिलास हुंगला, मंग माही ओढणी हुंगली. "अवो बाई, सकाळी डिझलची कॅन ह्याच ओढणीनं पुसली, अन् गिलासबी ह्याच्यानंच पुसून राह्यली काय तू?" सारे पोट धरून हासले. पण भेगीत गेलं ते डिझल कुठं पोचलं, हे मले कोणीच सांगतलं नाही. आजबी पोरीले पाणी देताना मी आधी हुंगतो, अन् घरचे हासते. तुमचं लेकरू असतं तं तुमी काय केलं असतं, सांगा बरं?