गारेनचे महागडे शॉकअप

नॉर्वेच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या कौतोकेइनोत माणसाला त्याचे वय विचारता येते, मूळव्याध विचारता येते, बायको रुसून बहिणीकडे का राहायला गेली हेसुद्धा दुकानाच्या रांगेत उभ्याउभ्या विचारता येते. रेनडियर किती आहेत, हे मात्र विचारायचे नसते. विचारणारा परका असेल तर लोक हसून खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "दिसतात तेवढे." विचारणारा गावातला असेल तर हसतही नाहीत.

माझी शेजारीण गारेन या बाबतीत गावाच्याही एक पाऊल पुढे. तिचा नवरा बर्फ फुटून नदीत गेला तेव्हा विम्याच्या माणसाने कळप केवढा असे विचारले होते. गारेनने त्याला कॉफी दिली, वाळवलेले मांस कापून दिले आणि वाटेला लावले. तेव्हापासून कळप तीच चालवते. साठी ओलांडली आहे, गुडघे अजून बोलत नाहीत. पाठ मात्र बोलू लागली.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस पडला. जानेवारीत पाऊस पडणे म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. पडलेले पाणी गोठले, बर्फावर काचेसारखी खपली धरली आणि खालचे शेवाळ जनावरांच्या खुरांना लागेना. मग जो तो बर्फगाडीच्या, म्हणजे स्नोमोबाइलच्या, मागे स्लेज जोडून पठारावर खाद्याच्या गोण्या ओढू लागला. गारेनही ओढत होती. वाट अशी की प्रत्येक उंचवटा बसल्याजागी मणक्यात मोजावा. फेब्रुवारीत ती बूट घालायला वाकली आणि तशीच राहिली.

आरोग्यकेंद्रातल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितले, "गाडी सोडा, नाहीतर गाडीचे हिसके तरी कमी करा." गारेनने वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकलाच नाही.

तिला घाई होती ती एप्रिलची. एप्रिलमध्ये कळप समुद्राकडे निघतात. पुढे गाडी, मागे कळप. आणि ज्याची गाडी पुढे त्याचा शब्द पुढे. कुठे मुक्काम, कुठली नदी कधी ओलांडायची, कुठले जनावर मागे ठेवायचे, सगळे त्याच्या हातात. गारेनचा धाकटा भाऊ योसेत, त्याचा कळप तिच्या कळपाशेजारीच चरतो. तो मनाने चांगला आहे, आणि अडचण तीच होती.

"ताई, या वर्षी तुझे माझ्या मागे सोड," तो आपल्या स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता म्हणाला. "तू मोटारीने ये किनाऱ्यावर. रस्ता आहे, हॉटेल आहे, वॅफल मिळतात."

"वॅफल खायला मी काय जर्मन पर्यटक आहे?"

"एका वर्षाचा प्रश्न आहे."

"सुसान्नानेही एकच वर्ष सोडले होते दिराच्या मागे," गारेन म्हणाली. "आता दीर ठरवतो आणि ती स्वेटर विणते."

योसेतने चाकूने मांसाची चकती काढून तिच्या पुढे धरली. "मग करणार काय?"

"शॉकअप बदलणार. ते कमीजास्त करता येणारे असतात ना, ते."

योसेत इतका हसला की मांस हातातून पडले. "ते? त्या पैशात जुनी गाडी येईल. अगं, सीटवर रेनडियरचे दुहेरी कातडे टाक. आबांनी आयुष्य काढले त्याच्यावर."

"आबा शेवटी शेवटी जेवायलाही उभे राहायचे. विसरलास?"

योसेतचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. गावात चार जणांनी आधीच असले शॉकअप बसवले होते, चौथा कोण ते कुणी सांगत नव्हते, आणि चौघांचे एकमत होते की फरक शून्य, पैसे पाण्यात. आमच्याकडे एकमत दुर्मीळ असल्यामुळे त्याला मान होता. चौघांपैकी एकानेही बसवल्यानंतर शॉकअपला हात लावलेला नव्हता, ही गोष्ट तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

गारेन किनाऱ्यावरच्या आल्ता शहरात गेली. तिथल्या वर्कशॉपमधला शेटिल हा दक्षिणेकडून आलेला, सरळ आणि हुशार माणूस. आमच्यात बारा वर्षे राहूनही तो प्रश्नांची उत्तरे देतो, ही त्याची एकच खोड. त्याने दोन पर्याय पुढे ठेवले. एक स्वस्तातला : ओझ्याच्या हिशेबाने एकदाच निवडून बसवायची कडक स्प्रिंग. दुसरा महाग : स्प्रिंगवर फिरते कडे असलेला शॉकअप. कडे आवळले की मागची बाजू ओझ्याखाली दबत नाही, सैल केले की रिकाम्या गाडीत पाठ शेकत नाही.

"तर मागे ओढता किती?" शेटिलने विचारले.

गारेनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "मी, आणि थोडे सामान."

"थोडे म्हणजे?"

"थोडे म्हणजे थोडे. डबा, थर्मास."

गोण्या सांगितल्या तर गोण्यांवरून जनावरे कळतात, हे शेटिलच्या डोक्यातही नव्हते. जनावरे सोडून बाकी सगळ्याचा हिशेब त्याला हवा होता. गारेनने महागडे शॉकअप घेतले, कारण एवढे पैसे घेणारी वस्तू आपापले समजून घेईल असा तिचा अंदाज होता. शेटिलने एक बाई, एक डबा आणि एक थर्मास यांना शोभेल असे कडे लावून दिले. वर एक वाकडा पाना दिला. "ओझे बदलले की याने फिरवायचे." गारेनने घरी येऊन पाना सुऱ्यांच्या खणात टाकला. त्या चौघांचे पानेही, मागाहून कळले, असेच कुठे कुठे पडले होते.

पुढच्याच फेरीत, गोण्यांनी भरलेल्या स्लेजसकट, गाडीची मागची बाजू दमलेल्या जनावरासारखी बसली. पहिल्या खड्ड्यात शॉकअप शेवटापर्यंत दबून लोखंडावर लोखंड आदळले. दुसऱ्या खड्ड्यात गारेनही. योसेत मागून येत होता म्हणून बरे. त्याने बहिणीला तिच्याच स्लेजवर, तिच्याच गोण्यांवर पालथी झोपवून घरी आणले. वाटेत तीन घरे लागतात. तिन्ही घरांच्या पडद्यांना त्या दिवशी वारा लागला होता.

"बघ," दारात तिला उतरवताना योसेत म्हणाला, "मी काही बोलत नाही."

"मग बोलू नकोस."

"एप्रिलला मी पुढे राहतो. एवढंच."

गारेनने दार लावून घेतले. योसेत गेल्यावर तिने शेटिलला फोन लावला. मी सूप घेऊन गेले होते, त्यामुळे तिची बाजू कानाने ऐकली आणि शेटिलची बाजू त्याच्या आवाजामुळे.

"शेटिल, तू मला फसवलंस."

"खाली आदळली? मग ओझे जास्त असणार. खरं सांगा गारेनबाई, मागे किती होते?"

"तू हे विचारू नयेस."

"का? मला स्प्रिंगचे गणित करायचे आहे."

"बरं. मग तू सांग, बँकेत तुझे किती आहेत?"

हा टोला होता. त्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने फोन ठेवला असता. शेटिलने आकडा सांगितला, वर गृहकर्जाची बाकीही सांगितली. गारेनचा चेहरा असा झाला, जणू त्याने फोनवरच पँट उतरवली. ती हळू आवाजात म्हणाली, "मुला, असे कुणालाही सांगत जाऊ नकोस." आणि तिच्या आवाजातला राग गेला, अनाथाशी बोलताना जातो तसा.

बहुधा तेव्हा शेटिलच्या ध्यानात काहीतरी आले. तो म्हणाला, "ठीक आहे. मला आकडा सांगूच नका. शॉकअपच्या दांड्यावर एक रबर चढवा, कॉफीच्या पुड्याला असते ना, तसले. नेहमीचे ओझे भरा, वाटेवर एक चक्कर मारा. शॉकअप दबेल तसे रबर सरकत जाईल आणि सर्वांत जास्त दबल्याची जागा दाखवत तिथेच राहील. टोकाला पोचले तर कडे आवळा. अर्ध्यावरच अडकून राहिले तर सैल करा. टोकाच्या अलीकडे थोडे राहिले की झाले. मला कळायची गरज नाही. कुणालाच नाही."

"कुणालाच नाही?"

"तुम्हाला आणि रबराला."

गारेनने फोन ठेवला, सूप संपवले आणि सुऱ्यांचा खण उघडला.

पाठ उठू देऊ लागली तशी ती घरामागे जाऊ लागली. माझी खिडकी नेमकी तिकडे उघडते. गोण्या ती ताडपत्रीखालीच चढवायची. आमच्याकडे भरलेली स्लेजही अर्धी दिसेल अशी ताडपत्री बांधण्याची कला आहे, आणि बर्फातल्या खुणेवरून खरे ओझे ओळखणारी माणसेही आहेत. दोन्ही गट एकमेकांशी सभ्यतेने वागतात. तर ती तलावापर्यंत चक्कर मारायची, यायची, गुडघ्यावर बसून रबर पाहायची, पाना लावायची, पुन्हा जायची. मी काही पाहिले नाही. एकदाच तिने खिडकीकडे बघून पाना हलवला तेव्हा मी भांडी घासत होते, असे ठरले.

मार्चच्या मध्यावर ती पठारावर जाऊन बसल्याजागी चहा पिऊन आली. जाताना ओझे भरलेले म्हणून कडे आवळायचे, गोण्या रिकाम्या केल्यावर तिथेच सैल करून परतायचे. हा तिचा रिवाजच झाला, हातमोजे घालण्याइतका. पाठ पूर्ण गप्प झाली नाही, पण मधे मधे बोलायची सवय मोडली.

आता लोक मला विचारतात, कारण मी शेजारीण, की एवढे पैसे घालावेत का. माझे उत्तर ठाम आहे. रोज तेच ओझे, तीच वाट, तोच माणूस असेल तर नकोत. योग्य कडकपणाची साधी स्प्रिंग एकदा बसवावी आणि उरलेल्या पैशात नवे बूट घ्यावेत. पण साध्या स्प्रिंगला दुकानात ओझे सांगावे लागते, खरे सांगावे लागते. आज गोण्या, उद्या रिकामी, परवा तंबू आणि चूल ओढणाऱ्या आणि यातले काहीही कुणाला न सांगणाऱ्या माणसासाठी फिरते कडे पै न पै वसूल करून देते. अट एकच, पाना खणात ठेवू नये.

एप्रिलमध्ये योसेतने बहिणीच्या दारात येऊन शेवटचे विचारले. गारेनने उत्तर म्हणून सीटवर बसून दाखवले आणि आधी निघाली. तिची गाडी पुढे, तिच्या मागे घंटा बांधलेली मादी, मग तिचा कळप, मग योसेतचा. पहिली नदी तिने ठरवली तेव्हा ओलांडली. योसेतला अजून एक दिवस थांबायचे होते. तो थांबला नाही.

दुसऱ्या मुक्कामावर योसेत गाडीवरून उतरला तो सरळ झालाच नाही. कमरेवर हात ठेवून, बर्फ निरखत असल्याचा आव आणत उभा राहिला. हा प्रसंग गारेनने मला नंतर सांगितला, योसेतनेही सांगितला. आश्चर्य म्हणजे दोघांचे जुळते.

"काय रे," गारेन म्हणाली, "आबांचे कातडे दुहेरी टाकलंस ना?"

"तिहेरी टाकलंय."

"मग?"

योसेतने दोघांच्या कपात कॉफी ओतली. त्याच्या गाडीला तसलेच महागडे शॉकअप होते. त्या चौघांतला एक तोच, हे त्याने तोवर घरातसुद्धा सांगितले नव्हते. शेवटी म्हणाला, "ताई, ते कडे... तू किती फिरवलंस?"

कड्याचे फेरे म्हणजे ओझे, ओझे म्हणजे गोण्या, आणि गोण्या म्हणजे पुढचे सगळे. गारेनने कप खाली ठेवला.

"योसेत, असे प्रश्न विचारतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. गारेनने खिशातून वाकडा पाना काढला, त्याच्या मांडीवर ठेवला, कॉफीच्या पुड्यावरचे रबर ओढून काढले आणि तेही ठेवले.

"गाडी तंबूच्या मागे ने," ती म्हणाली. "मी इकडे बघत बसते."

आणि ती समुद्राच्या दिशेला तोंड करून बसली, तो परत येईपर्यंत.