रात्रीचा कर

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ढोकीच्या ज्ञानोबांनी, उभ्या जन्मात टोल भरला नाही. नाका दिसायच्या आधी जीप उसाच्या फडाकडं वळवायची, कच्च्या वाटेनं सगळ्यांची हाडं खिळखिळी करत पलीकडं निघायचं आणि छाती फुगवून मला विचारायचं, "पौर्णिमा, बघितलंस का?" बघितलं की! दोनदा टायर फुटलं, तेही बघितलं.

तर या थोर पुरुषाला माझ्या आईनं, बनाबाईनं, भूतानला न्यायला सांगितलं. पारोच्या कड्यावरचा बौद्ध मठ तिनं मोबाइलवर पाहिला होता. अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी नुकतीच संपली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. "पाय हायेत तवर चढू द्या मला," एवढंच म्हणाली. अण्णा लगेच हो म्हणाले. मीच येडी, तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

भूतान सरकार पर्यटकांकडून कर घेतं. आपल्या लोकांना माणशी बाराशे, दर रात्रीला. हे कळल्यावर अण्णांचा चेहरा उजळला.

"रातीचा कर हाय नव्हं? मग रात काढायचीच न्हाय तिथं! सकाळी जायचं, दिवस मावळायला भारतात."

काय ती अक्कल! अख्ख्या देशाला बाजूनं वळसा घालायला निघाले.

सीमेवर जयगावला लॉज घेतला आणि सकाळी वेशीतून आत गेलो. पारो पाच तासांवर आहे, आणि कर न भरता वेशीलगतच्या गावातच फिरता येतं, असं तिथल्या साहेबानं सांगितलं. अण्णा डगमगतात होय! त्यांनी आम्हाला त्या गावात पाळलेल्या मगरी दाखवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मगरी. त्याही आम्हाला बघून कंटाळल्या असतील.

"फुकटात परदेश झाला का न्हाय?" अण्णा म्हणाले. लॉजवाला रोज खिसा कापत होता, पण तो पडला आपल्या देशातला, त्याचं अण्णांना काही दुखत नव्हतं. आई मोबाइलवर तो मठच बघत बसली होती. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तिसऱ्या सकाळी आई सरळ त्या साहेबासमोर उभी राहिली. कमरेच्या पिशवीतून स्वतःच्या मानधनाचे पैसे काढले.

"दोन बाया, तीन राती."

मी तिचं हिंदी करून सांगितलं.

"आन मी?" अण्णा.

"तुमचं बघून झालंय की," आई म्हणाली.

कडा चढताना ती दर वळणाला बसली, गुडघे चोळले, वर बघितलं, उठली. मठाच्या दारात पोचल्यावर हात जोडून ढसाढसा रडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

खाली उतरलो तर लॉजवरून अण्णांचा फोन. आवाज पार बारीक झालेला.

"झालं का बघून? कवा यायलाव?"

"झालं," आई म्हणाली. "पर आनखी एक रात वाढवलीया म्या."

"आता कशाला?"

"निस्तं झोपायला."