पुढे केलेला हात

फान सूयिंगला मुळात कुत्री आवडायचीच नाहीत. तिला हवी होती नात. आईबाप दूर शेनझेनच्या कारखान्यात आणि पोर इकडे फूयांगमध्ये आजीपाशी, अशी आमच्या गल्लीत घरटी तऱ्हा. तशीच मियाओ तिच्या कुशीत वाढली. सात वर्षांची झाली तसं मुलाने तिला शाळेसाठी तिकडे नेलं आणि आईचा जीव रमावा म्हणून पूडल जातीचं एक तपकिरी पिल्लू धाडून दिलं. नात नेली, कुत्री दिली. वा रे वा!

पिल्लाचं नाव मियाओनेच फोनवरून ठेवलं, लीझी. बाजारात जाताना सूयिंगचा डावा हात आपसूक खाली लोंबायचा, मियाओच्या उंचीला. ती सवय काही जाईना. एकदा लीझी मागच्या पायांवर उठली आणि तिने त्या हातावर पंजा ठेवला. झालं, म्हातारी विरघळली. खाऊ दाखवून दाखवून तिने कुत्रीला दोन पायांवर चालायला शिकवलं. अंगात मियाओचा आखूड झालेला लाल फ्रॉक, पाठीला बालवाडीचं दप्तर, आणि स्वारी आजीचं बोट धरून निघाली भाजी आणायला! चौकात संध्याकाळी बायका नाचायला जमत, तिथे शेजारची शानबाई रोज चिडवायची, की नातीला शाळेत घातलंस का गं? सूयिंग वरवर रागवायची, पण 'नात' हा शब्द ऐकायला तिला फार गोड वाटायचं.

मियाओ आधी बापाने दटावलं तरच फोनवर यायची. आता रोज यायला लागली. "आजी, लीझीला चालव ना!" सूयिंग फोन थर्मासला टेकवून ठेवायची आणि कुत्रीला घेऊन खोलीभर फेऱ्या मारायची. फोनमध्ये कुत्रीबरोबर तिचे स्वतःचे गुडघे तेवढे दिसायचे, तोंड नाही. तरी नातीचं खिदळणं कानावर पडायचं, तेवढ्यावर म्हातारीचा दिवस निघायचा.

चौथ्या वर्षी लीझी जिन्यापाशी अडून बसायला लागली. मागचा एक पाय मधूनच उचलून धरायची, पोटाखाली हात घातला की कण्हायची. सूयिंगने आपल्याकडचा नेहमीचा उपाय केला. आपलं जे दुखतं, तेच जनावराचं खायचं! गाईच्या पायांचे स्नायू शिजवून त्याचा दाट रस्सा तिने हिवाळाभर कुत्रीला पाजला. पाय काही सुधारले नाहीत, कुत्री मात्र गरगरीत झाली आणि ते सगळं वजन त्याच दोन पायांवर आलं.

शेवटी सूयिंग तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पोरसवदा बाई, पण तिने एक्स-रे काढून नीट समजावलं. कुत्र्याची पाठ चार पायांवर आडवी पेलायची असते. रोज उभं केलं की सगळा भार कंबरेवर आणि मागच्या गुडघ्यांवर येतो. हिच्या गुडघ्याच्या वाट्या जागच्या सरकल्यात. उद्या मणक्यातली गादी सरकली, तर मागचं अंग लुळं पडेल.

"पण ती आपणहून उभी राहते हो," सूयिंग म्हणाली.

"तुम्ही हात पुढे करता म्हणून राहते. हात करू नका, आजी."

सूयिंग तिथेच रडली. कुत्रीसाठी रडली, आणि उद्या फोनवर काय दाखवायचं म्हणूनही रडली. पण डॉक्टरीणबाईंना शब्द दिला आणि तो पाळला. रस्सा बंद, फ्रॉक पेटीत, आणि डावा हात कायम कोटाच्या खिशात. मियाओने चार दिवस हट्ट केला, मग फोन पुन्हा बापाच्या धाकावर आला. "बरी आहेस ना आजी? ठेवते." खिशातला हात मात्र रिकामाच वळवळायचा.

नव्या वर्षाच्या सणाला मियाओ येणार असं कळलं, तेव्हा म्हातारीने आठ दिवस आधीपासून मोमोसारखे च्याओझ करून बर्फात ठेवले. स्टेशनवर ही गर्दी! सूयिंग लीझीला कुशीत घेऊन उभी होती. पण गाडी आली तशी टाचा उंचावून बघायला तिने कुत्रीला खाली ठेवलं आणि डावा हात खिशात घातला. डब्याच्या दाराशी मियाओ दिसली. केवढी उंच झाली होती! खांद्याला पिशवी, दोन्ही हातांनी धरलेला फोन, मागे सामान घेतलेला बाप. सूयिंगचा डावा हात कधी खिशातून निघाला, तिचं तिलाही कळलं नाही. त्याच जुन्या उंचीला खाली गेला, बोटं उघडी.

हाताला पंजा लागला. थरथरत्या पायांवर लीझी उभी होती.

"बाबा, बघा बघा, उभी राहिली!" मियाओने फोन वर धरला. "आजी, चालव ना तिला!"

सूयिंग मटकन खाली बसली. गर्दी वळसा घालून जात होती. तिने लीझीला मांडीवर ओढलं, कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि खालूनच नातीकडे पाहिलं.

"हिला नाही गं बोलावलं," ती म्हणाली. "हात तुझ्यासाठी केला होता."