ट्रेलरखाली वाकणारा माणूस

माझे सासरे अठरा वर्षं रोज अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून परत आले. कुणाला सांगितलं की हसू यायचं, पण त्यांची नोकरीच तशी होती. मालवाहतूक कंपनीचा एक डेपो आमच्या गावात आणि दुसरा साडेपाचशे किलोमीटर लांबच्या शहरात. एकाच ड्रायव्हरने सगळं अंतर कापायचं तर मुक्काम आला, झोप आली, जागरणाची डुलकी आली. म्हणून इकडून अण्णा निघायचे, तिकडून दुसरा ड्रायव्हर निघायचा आणि मध्ये डिझेल पंपामागच्या एका यार्डात दोघं भेटायचे. अण्णा आपला भरलेला ट्रेलर त्याला द्यायचे, त्याचा आपल्या गाडीला जोडायचे आणि दोघंही संध्याकाळच्या आत आपापल्या घरी. माल पुढे जायचा, माणसं मागे फिरायची.

त्या दुसऱ्या ड्रायव्हरला आमच्या घरात नाव नव्हतं. आम्ही त्याला ‘पलीकडचे’ म्हणायचो. पलीकडच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, पलीकडच्यांना सर्दी झाली, पलीकडच्यांनी आज डब्यात लोणचं जास्त आणलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा अण्णा तीन दिवस घरी होते. चौथ्या दिवशी कामावरून आले आणि जेवताना म्हणाले, “पलीकडचा रडला आज.” स्वतःच्या रडण्याबद्दल अवाक्षर नाही. एवढी दोस्ती, पण एकमेकांचं घर दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. यार्डाच्या पुढचा रस्ता कसा आहे हेही अण्णांना माहीत नव्हतं.

मी या घरात आले तेव्हा अण्णांचा मला फार राग यायचा. मी दाराला कडी घातली की ते उठून ओढून बघायचे. गॅस बंद केला की मागोमाग येऊन बटणाला हात लावायचे. मला वाटायचं, सुनेवर भरवसा नाही म्हाताऱ्याचा. एकदा मी तोंडावर म्हटलंसुद्धा, “अण्णा, मला दोन हात आहेत, दोन्ही चालतात.” ते ओशाळले आणि म्हणाले, “तुझ्यावर नाही गं, सवय आहे. ट्रेलर लागला की मी ओढून बघतो.” मग मी चिडायचं सोडलं आणि कडी घातल्यावर स्वतःच हाक मारायला लागले, “या अण्णा, ओढून घ्या!” हसत हसत यायचे.

पहाटे चारला त्यांचा दिवस सुरू व्हायचा. चहा स्वतः करायचे, कारण माझा चहा म्हणे गरम पाणी. साडेचारला डबा घेऊन चालत डेपोत. तिथे कागद घ्यायचे, ट्रेलरच्या दाराच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवायचा, प्रत्येक टायरला लोखंडी दांडा मारून आवाज ऐकायचा. पाचला गाडी गेटबाहेर. साडेदहाच्या सुमाराला यार्ड. संध्याकाळी पाचला परत घरी, पाय धुतले की बाजेवर आडवे. कान मात्र अर्धा तास घरघरत राहायचे, म्हणून आम्ही त्या वेळात त्यांच्याशी बोलायचो नाही.

त्यांच्या कामातली जोखमीची गोष्ट एकच होती, ती सांगायला हवी. पुढच्या इंजिनाच्या भागाला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. घोड्याच्या पाठीवर लोखंडी थाळी असते आणि ट्रेलरच्या पोटाखाली जाड पिन. घोडा मागे घेतला की पिन थाळीच्या खाचेत बसते आणि लॉक मिटतं. बसली की नाही हे आवाजावरून कळतं असं नवे लोक समजतात. जुने लोक गाडी पुढे घेऊन एक हलका झटका देतात. पण पिन खाचेत न जाता वर टेकून राहिली असेल तर कधी कधी झटक्यालाही ती सुटत नाही. त्यासाठी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकावं लागतं आणि लॉकचा जबडा पिनेभोवती मिटलेला डोळ्यांनी बघावा लागतो. प्रत्येकाने आपला आपण. कंपनीचा तसा नियमच आहे.

चार वर्षांपूर्वी पलीकडच्यांचा गुडघा गेला. गाडी चालवता यायची, शिडी चढता यायची, पण खाली बसता यायचं नाही. कंपनीला कळलं असतं तर गाडीवरून उतरवलं असतं. मग अण्णा दोघांसाठी वाकायला लागले. आधी स्वतःच्या ट्रेलरखाली, मग पलीकडच्यांच्या. बघून झालं की ट्रेलरच्या अंगावर दोन थापा मारायचे, म्हणजे जा. हे घरात फक्त मला माहीत होतं, तेही एकदा शर्टाच्या पाठीला दुप्पट ग्रीस का म्हणून मी हुज्जत घातली तेव्हा. “कुणाला बोलू नकोस,” ते म्हणाले.

मागच्या वर्षी अण्णांचा हर्निया दुखायला लागला. ते दुखणं अंगावर काढत होते. मीच हट्टाने दवाखान्यात नेलं, मीच ऑपरेशनची तारीख घेतली, मीच रजेचा अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. तीन आठवड्यांची रजा. शेवटच्या दिवशी त्यांनी पलीकडच्यांना बजावलं होतं, “तीन आठवडे तेवढं स्वतः वाक. नाहीतर बदलीवाल्याला सांग.” पलीकडचे म्हणाले होते, “वाकीन रे बाबा.”

वाकले नाहीत. वाकता येतच नव्हतं. आणि काल आलेल्या बदली ड्रायव्हरला ‘माझ्या ट्रेलरखाली बघ’ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असणार. झटका त्यांनी दिला, गाडी नीट ओढली गेली, म्हणून निघाले. यार्डाच्या गेटपाशी वळताना ट्रेलर घोड्यावरून घसरला आणि त्याचं पुढचं तोंड खाली आलं. गेटवरचा वॉचमन बाजूलाच उभा होता. त्याचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आमच्या घरात त्यानंतर दिवसरात्र पलीकडच्यांचाच विषय होता. त्या वॉचमनबद्दल फारसं कुणी बोललं नाही. याची मला आज लाज वाटते.

चौकशी लागली. कंपनीचं म्हणणं, हा माणूस वर्षानुवर्षं असाच हलगर्जीपणा करत असणार, याला काढून टाका. पलीकडचे म्हणत होते, चूक झाली, पण ही पहिलीच. पहिलीच असेल तर सहा महिने घरी बसवून नंतर डेपोत खुर्चीवरचं काम द्यायची पद्धत होती. सगळं यावर येऊन अडलं होतं. अठरा वर्षं रोज त्याला बघणारा माणूस एकच होता, म्हणून चौकशी अधिकारी आमच्या घरी आला. अण्णांचे टाके नुकतेच काढले होते.

तो येणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं. संध्याकाळभर अण्णा येरझाऱ्या घालत होते. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “सांगून टाकतो. ट्रेलर रोज तपासला जायचा, हे खरंच आहे. मी तपासायचो. त्याला खुर्ची तरी मिळेल.”

मी म्हटलं, “आणि तुमचं काय?”

“मला उतरवतील गाडीवरून. नियम मोडला, लपवलं.”

“अण्णा, दोन वर्षं राहिलीत तुमची. त्या माणसाने वाकायचं होतं, नाही वाकला. त्यात तुमचा काय दोष? तुम्ही गप्प बसा.”

“गप्प कसं बसू?”

“मला माहीत नाही म्हणायचं. आपल्या घराचा विचार करा जरा.”

हे सगळं मी भांडी विसळता विसळता बोलले, मान वर न करता. उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा, असं सांगावं तितक्या सहज. अण्णा उठले आणि दाराची कडी ओढून बघून झोपायला गेले.

अधिकारी तरुण होता, मवाळ बोलणारा. त्याने विचारलं, “जोडणी झाल्यावर ते खाली वाकून बघायचे का, तुम्ही कधी पाहिलंत?” अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, “मी माझं काम बघतो, साहेब. दुसऱ्याच्या गाडीकडे माझं लक्ष नसतं.” अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, “अठरा वर्षांत एकदाही?” अण्णा म्हणाले, “नाही.” त्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अण्णांनी सही केली. मी आत चहा गाळत होते. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

पलीकडच्यांना काढून टाकलं.

अण्णा पुन्हा कामावर जायला लागले. यार्डात आता एक नवा ड्रायव्हर यायचा, बडबड्या, अण्णांना काका काका करणारा. अण्णा त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. डबा गाडीतच खायचे, तोही अर्धा परत यायचा. दोन थापा मारणं बंद झालं. उलट स्वतःच्या ट्रेलरखाली ते चार चार वेळा वाकायला लागले. गाडी सुरू करायची, उतरायचं, वाकायचं, चढायचं, पुन्हा उतरायचं. यार्डातून निघायला उशीर, घरी यायला उशीर. डेपोतून मला फोन यायला लागले, तुमच्या सासऱ्यांना बरं नाही का? घरी मात्र कडी ओढून बघणं त्यांनी सोडलं होतं. मी हाक मारायची, “या अण्णा, ओढून घ्या!” ते तिथूनच म्हणायचे, “असू दे.” मला ते सहन व्हायचं नाही.

दीड महिना असा गेला. मग एका मंगळवारी अकरा वाजता डेपोचा फोन आला. अण्णांची गाडी यार्डात थांबलीच नाही. डेपोतल्या स्क्रीनवर ती यार्ड ओलांडून पुढे चाललेली दिसते आहे. नवा ड्रायव्हर तिथे वाट बघत उभा आहे आणि अण्णा फोन उचलत नाहीत. माझा नवरा कामावरून धावत आला. दोघं फोन समोर ठेवून बसून राहिलो, दुसरं करणार काय?

साडेचारला डेपोवाल्यांनीच कळवलं, गाडी पलीकडच्या डेपोत पोचली, ओरखडासुद्धा नाही, माल सहीसलामत. गाडी मात्र त्यांच्याकडून काढून घेतली आहे. अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी बसने आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसले असतील. डबा हातात होता, धुतलेला.

मी पाणी दिलं. ते प्यायले आणि आपणहून सांगायला लागले. आधी तिथल्या साहेबापुढे बसून सगळं खरं लिहून दिलं. साहेब म्हणाला, कागद ठेवून घेतो, पण त्याची जागा भरली आहे, आता काही होईल असं वाटत नाही. मग पत्ता विचारत विचारत ते पलीकडच्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. पलीकडच्यांनीच दार उघडलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“आत ये म्हणाला. मी उंबऱ्यातच सांगितलं, मी खोटं बोललो म्हणून. तो म्हणाला, माहीत आहे, मला कंपनीने तुझ्या जबाबाची प्रत दिली.”

अण्णांनी रिकामा पेला खाली ठेवला.

“म्हणाला, चौकशीचा साहेब तुझ्याकडे आपणहून नव्हता आला, अण्णा. साक्षीदार आहे का कुणी, असं मला विचारलं होतं. मी तुझं एकट्याचं नाव दिलं. बायको म्हणत होती, त्याला कशाला अडकवता, त्याचं नाव घेऊ नका. मीच तिला म्हटलं, अण्णाला विचारू दे, अण्णा बरोबर सांगेल.”

“मग?”

“मग काही नाही. त्याच्या बायकोने चहा ठेवला होता. मी प्यायलो नाही. निघालो.”

नोकरी गेली हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही एका वाक्यात. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, “अण्णा, गप्प बसा म्हणून मी सांगितलं होतं, हे बोललात का तुम्ही त्यांना?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुझं कशाला सांगू?” ते म्हणाले. “सही मी केली होती.”