गजराच्या घड्याळातील बाई

अर्जदार : मी स्वतः, तहसील कचेरीबाहेरील अर्जलेखक. सामनेवाले : माझ्या उशाजवळचे गजराचे घड्याळ. साक्षीदार : पत्नी सुमन व कन्या मेघा. दिनांक : आजची सकाळ.

हकीकत अशी की, मेघाने काल आपला गाण्यांचा छोटा प्लेअर त्या घड्याळाच्या खाचेत बसवला. त्यामुळे आज घंटेऐवजी एका बाईचे गाणे वाजले. आवाज इतका निर्मळ, की मी अंथरुणात उठून बसलो.

"मेघे, ही गायिका कोण गं?"

"बाबा, आई आहे ती! भांडी घासताना गात होती, मी गुपचूप भरून घेतलं."

ज्या कानांनी सबंध तालुक्याची गाऱ्हाणी ऐकली, त्यांना घरातलाच आवाज परका वाटावा? माणसाचा आवाज आपण केवळ कामापुरताच ऐकतो की काय?

सुमन चहा ठेवत म्हणाली, "तुम्ही आलात की मी गप्प होते. दारातूनच म्हणता ना, जरा शांतता असू द्या."

घड्याळ अजून गातच होते.

सबब सौ. सुमन यांस नम्र विनंती, की मी घरात असतानाही गावे. उत्तर तोंडी, शक्यतो सुरात द्यावे.