सत्त्याहत्तर रेघा

"आत्या, बाबा गेले," एवढंच भाचा फोनवर बोलला. मी सुकट निवडत होते, सूप हातात तसंच राहिलं... पंचाऐंशी ओलांडलेला माणूस, कधीतरी जाणार हे काय कळत नव्हतं? पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. दिवसकार्याला माहेरच्या गावी, पामला गेले, तर जो तो म्हणे, "मास्तर फार साधे हो!" डोंबलाचे साधे! शाळेतला चित्रकलेचा मास्तर, सदऱ्याला कायम शाईचे डाग, हे खरं. पण माझ्या दादासारखा हट्टी माणूस अख्ख्या बोईसर-तारापुरात शोधून सापडला नसता. त्या हट्टावरच माझं गाणं तरलं, म्हणून महिन्याभराने का होईना, हे लिहायला बसले.

साठच्या दशकातली गोष्ट. आमची केळी-पानवेलीची वाडी. गावात वीज नव्हती आणि गाणं शिकवणारंही कुणी नव्हतं. दादाने मुंबईहून जुना चावीचा ग्रामोफोन आणला, तो काही स्वतःच्या आवडीसाठी नव्हे. त्याला सुराचा गंधही नव्हता. आरतीत त्याने तोंड उघडलं की आई म्हणायची, "तू नुसत्या टाळ्या वाजव." ग्रामोफोन आणला तो माझ्यासाठी. त्याच्यासमोर बसून मी गाणं शिकले. तबकडीतली बाई जिथे श्वास घेई, तिथेच मीही घ्यायची.

मॅट्रिकची परीक्षा झाली तसा दादा मला पालघरला गुरुजींच्या गायनवर्गात घेऊन गेला. गुरुजींनी हार्मोनियम पुढे ओढली, मी गायला लागले... आणि त्यांची बोटं अडखळली. ही पट्टी दाबून बघ, ती दाबून बघ. माझा सूर आपला दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. त्यांनी भाता मिटला. "मुलगी बेसूर आहे, मास्तर. उगाच वेळ घालवू नका." मागे बसलेल्या मुली खुदकन हसल्या. घरी आल्यावर मी सांगून टाकलं, आता गाणं बंद. आई म्हणाली, "नाय गायली तर काय अडतंय? रांधायला सूर लागत नाय." बाबांनी तर लगेच स्थळं बघायला सुरुवात केली.

एका रविवारी बघते, तर दादाची स्वारी हेडमास्तरांचं घड्याळ मागून आणून ग्रामोफोनपुढे बसलेली. फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवलेला आणि हा त्याचे फेरे मोजतोय. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर हवेत, वेगाचा काटाही अठ्ठ्याहत्तरवरच होता. याच्या मोजणीत ऐंशी येत होते. "थाळी पळतेय," तो म्हणाला. थाळी पळाली की गाणं घाईत होतं आणि सूरही वर चढतो, हे आम्हाला तोवर कुठे ठाऊक? आई म्हणाली, "तूच चुकला असशील मोजायला." त्याला ते लागलं. "बरोबर हाय. मोजणाऱ्यावर कोण इस्वास ठेवील? डोल्यांनी दिसाया पायजे."

तारापूरला तेव्हा वीजघराचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या एका वायरमनने त्याला सांगितलं, की विजेचा दिवा सलग जळतोसा वाटतो, पण सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. मिनिटाच्या सहा हजार लुकलुकींना अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी भागलं, की जवळपास सत्त्याहत्तर; तेवढ्या काळ्या रेघा काढलेला गोल कागद थाळीवर ठेवायचा. वेग बरोबर असेल तर त्या दिव्याखाली रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. थाळी पळत असेल तर पुढे सरकतात, रेंगाळत असेल तर मागे. झालं! चित्रकलेच्या मास्तरला आणखी काय हवं? पण सत्त्याहत्तर हा मेला आकडा कोनमापकावर बसेना. शेवटची रेघ कधी जाड व्हायची, कधी पहिलीवर चढायची. किती कागद फाडले, किती शाई सांडली! आई करवादली, "बहिणीपायी येडा झाला हाय." झाला होताच.

शेवटी एक कागद साधला आणि पुन्हा पालघर, कारण विजेचा दिवाही तिथे आणि गुरुजीही तिथेच. मी येणार नाही म्हणून रडले, तर म्हणाला, "गाऊ नको. नुसती बस." एसटीत मांडीवर ग्रामोफोन बघून कंडक्टरने विचारलं, "मास्तर, लगीन कोणाचं हाय?" दादा म्हणाला, "बहिणीचं मोडाया चाललोय!" अख्खी गाडी हसली, रडता रडता मीही हसले.

गुरुजी आधी वैतागले. पण ट्यूबखाली थाळी फिरू लागली आणि कागदावरच्या रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या हळूहळू पुढे सरकताना सगळ्यांना दिसल्या. दादाने काटा जरासा मागे घेतला... आणखी जरासा... आणि रेघा थांबल्या! थाळी गरगर फिरतेय आणि रेघा जागच्या हलत नाहीत. मग त्याने मी जिच्यावरून गाणं शिकले होते, ती तबकडी लावली. गुरुजींनी पट्टी दाबली, सूर नेमका बसला. काटा पुन्हा जुन्या जागी नेला, तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे. मी गायले होते, तिथेच! गुरुजींनी दोन्ही पट्ट्या पुन्हा एकदा दाबून बघितल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मशीन चुकलं तेवढीच तू चुकलीस. तसूभर कमी नाही की जास्त नाही. असा कान मला शोधून मिळाला नसता. सोमवारपासून ये."

मी शिकले, गायले, पुढे स्वतःचा वर्ग काढला. माझ्या गाण्याला दादा पहिल्या रांगेत बसायचा आणि हटकून चुकीच्या जागी मान डोलवायचा. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की विचारू नका! एकदा मी त्याला छेडलंच, "तुला सुरातलं ओ की ठो कळत नाही. गुरुजींसारखा माणूस बेसूर म्हणाला, ते तुला पटलं कसं नाही?" पेन्सिलीला टोक करता करता तो म्हणाला, "सुरातला मला काय कलते? तू चुकायची नाय, एवढा ठावा होता. मग दुसरा कोण चुकते, तो शोधला."

माझ्या वर्गात आजही एखादी मुलगी सुरातून सुटते, बाकीच्या हसू दाबतात. मी तिला थांबवते. आधी तंबोऱ्याच्या तारा बघते, मग हार्मोनियम. मुलीकडे अगदी शेवटी वळते.