पाहुण्यांना दाखवायची नोकरी

मला नोकरी होती, पण ती कुणाला दिसत नव्हती.

दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी तीन वर्षं काढली आणि मग मालकाला सांगून तेच काम घरून करायला लागलो. काम म्हणजे लोकांच्या वेबसाइटी सांभाळायच्या. ते राजुरीत, म्हणजे आमच्या गावात, बसूनही होतं, हे मालकाला पाच मिनिटांत पटलं. राजुरीला ते अजून पटलेलं नाही. सकाळी गाव शेताकडं निघालं की मी अंघोळ करून आतल्या खोलीत जाऊन बसायचो, आणि दुपारी जेवायला बाहेर यायचो. गावात आधी बातमी उठली की मला कंपनीनं काढलंय. मग दुसरी उठली की मला काहीतरी दुखणं आहे आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, ते लपवतायत. दुसरी बातमी जास्त चालली, कारण दिवसभर सावलीत बसून मी चांगलाच गोरा पडलो होतो!

याचा परिणाम थेट लग्नावर झाला. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की आई अगदी खरं उत्तर द्यायची, "घरीच असतो." त्यानंतर पाहुणे चहा संपवून जे जायचे ते पुन्हा दिसायचे नाहीत. अशी पाच स्थळं गेली. सहावं पिंपरी पेंढारचं आलं. मुलीचं नाव वर्षा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला, घरी कॉम्प्युटरवर विंडोज आहे की लिनक्स? मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी थोडी हट्टी माणसं वापरतात ते, म्हटल्यावर ती बारीकशी हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. मी तिथंच विरघळलो. आता हीच, नाहीतर कुणी नको, असं मी घरी सांगून टाकलं (आई म्हणाली, दुसरी आहेच कोण?).

वर्षाच्या वडिलांचा निरोप आला की रविवारी घर बघायला येतो. आमच्याकडं मुलीकडची माणसं मुलाचं घर, जमीन, विहीर सगळं डोळ्यांखालून घालतात, त्याशिवाय सुपारी फुटत नाही. निरोपाच्या शेवटी मात्र एक वाक्य जादा होतं. जमीन बघू, विहीर बघू आणि नोकरीपण बघू.

नोकरी दाखवायची तर इंटरनेट हवं, आणि नेमकं तेच त्या आठवड्यात नव्हतं. फोनची लाइन होती काकूच्या घरी. काकू म्हणजे माझी चुलती, खळ्याच्या पलीकडं तिचं घर. तिथून माझ्या खोलीपर्यंत मी वायर ओढली होती. पहिली वायर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं तोडली. दुसरी आमच्याच शेळीनं खाल्ली. तेव्हा मी ठरवलं की आता वायरच नको, बिनवायरचं करू. पुण्याहून एक वायरलेस कार्ड आणि शिंगवाला राउटर आणला. राउटर काकूच्या घरात फोनशेजारी बसवला आणि तिला तीनतीनदा बजावलं, की हा डबा बंद करायचा नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही, अगदी सोन्यासारखा जपायचा. काकूनं मान डोलावली. काकूनं एकदा मान डोलावली की ती शब्द मोडत नाही.

कार्ड मी कॉम्प्युटरच्या पोटात बसवलं, आणि लिनक्सनं त्याला ओळखच दाखवली नाही. पाहुणा दारात उभा आणि घरातलं कुणी या म्हणेना, अशी गत. कार्डाबरोबरच्या कागदात शोधल्यावर कळलं की या कार्डाला एक छोटी फाइल लागते, आणि ती इंटरनेटवर मिळते. म्हणजे इंटरनेट चालू करायला इंटरनेट पाहिजे! मी मोटरसायकल काढली आणि आळेफाट्याला सलीमभाईंच्या सायबर कॅफेत गेलो. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, घरी आलो, टाकली. लिनक्स म्हणालं, ही चालवायला आणखी एक लागेल. परत आळेफाटा. ती आणली, तर ती म्हणाली, माझ्याआधी तिसरी पाहिजे. गुरुवार ते शनिवार मी राजुरी आणि आळेफाट्याच्या मध्ये एवढ्या चकरा मारल्या की रस्त्यावरचा पंक्चरवाला मला हात करायला लागला. जेवायला बसलो तरी पाय हलत होता, आणि आई म्हणायची, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते. मी मनात म्हणायचो, अजून आलेलीच नाही.

शनिवारी सहाव्यांदा गेलो तेव्हा सलीमभाईंना राहवलं नाही.

"भाऊ, तुमी रोज इंटरनेट पिशवीत भरून नेताय. त्यापरीस सरळ विंडोज टाका न् मोकळं व्हा."

मला ते पटलं होतं, पण वर्षाचं ते हसू आठवलं. एका मुलीला लिनक्स सांगून बसलेल्या माणसाला माघार घेता येत नाही. मी सहावी फाइल घेतली आणि निघालो.

आणि रविवारी सकाळी आठ वाजता कार्ड चाललं! शोध घे म्हटल्यावर पडद्यावर नेटवर्कचं नाव उमटलं, 'काकू' (नाव मीच ठेवलं होतं). कंपनीचं पान उघडलं, मेल आली. मला रडूच यायचं बाकी होतं. पाहुणे अकराला यायचे होते, वीजसुद्धा होती, म्हणजे सगळा योगच जुळून आला होता. मी ऐटीत अंघोळीला गेलो.

डोकं पुसत परत येतो तर आतल्या खोलीत, माझ्या खुर्चीशेजारी, एक गृहस्थ बसलेले. हे वर्षाचे मामा, डिंभ्याचे. डिंभ्याची एसटी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून त्यांनी मिळाली ती पहिली गाडी धरली होती आणि सगळ्यांच्या आधी येऊन ठेपले होते. त्यांनी कॉम्प्युटरकडं बोट करून विचारलं, हीच का नोकरी? मी म्हटलं, हो मामा, आता दाखवतोच. आणि बसलो, तर 'काकू' गायब.

मी पुन्हा शोध घेतला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली, 'नो स्कॅन रिझल्ट्स'. म्हणजे आसपास नेटवर्क नावाची चीजच नाही. मी दारात जाऊन खळ्यापलीकडं हाक दिली, काकू, डबा चालू आहे ना? पलीकडून लगेच उत्तर आलं, "चालू हाय बाबा, दिवं लागल्यात!" म्हणजे काकूकडं ठीक होतं, आणि दोष लिनक्सचाच होता. तीन दिवस तोच अनुभव असल्यावर दुसरं काय वाटणार? मी कार्डाचं सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, परत शोध घेतला. नो स्कॅन रिझल्ट्स. मग सगळं पहिल्यापासून. बोटं एका बटणावर टाकली तर दुसऱ्यावर पडत होती, आणि मामा खुर्ची जवळ घेऊन एकटक बघत होते.

अकरा वाजता वर्षाचे वडील आणि आणखी दोघं आले. मला उठून नमस्कार करायचा होता, पण त्याच क्षणी एक फाइल अर्धी बसली होती, आणि मी बसल्या बसल्याच हात जोडले. आईनं दारातून डोळे वटारले. आण्णांनी पाहुण्यांना विहीर दाखवायला नेलं. विहीर झाली, द्राक्षाची बाग झाली, कांद्याची चाळ झाली, सगळे परत आले, आणि मी तिथंच. माझ्यापुढची पोह्यांची बशी गार होऊन गेली होती. मला वाटलं, संपलं. सहावंही गेलं. पाठीमागून वर्षाच्या वडिलांचा आवाज आला की नोकरी कधी दाखवणार. मी मान वर करायच्या आत मामांनी त्यांना हातानं थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"बोलू नका दाजी. काम चाल्लंय. सकाळधरनं बघतोय, पोरानं मान वर केली न्हाई."

चौघं पाहुणे भिंतीला टेकून अदबीनं उभे राहिले आणि मी त्यांच्यासमोर, माझ्या सगळ्या कौशल्यानिशी, अपयशी होत राहिलो. पडद्यावर ओळी सरसर वर जात होत्या. मध्येच मामांनी विचारलं की हे 'नो' म्हणजे नाही ना? मी हो म्हटलं. मामा चकित झाले.

"ते एवढ्यांदा न्हाई म्हणतंय, तरी तुमी परत इचारताय. लई चिवट हाय राव तुमी."

एक वाजता काकू बोलवायला आली. भाऊबंदांच्या घरी चहा झाल्याशिवाय पाहुणे परत पाठवायचे नाहीत, ही आमची रीत. मला निमूट उठावं लागलं. चहा झाला, आणि पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची म्हणून काकू कोपऱ्यातल्या कोठीकडं गेली. पत्र्याची छातीइतकी उंच कोठी, आत बाजरी, आणि बाजरीवर घरातली प्रत्येक मोलाची वस्तू. दागिने, सातबारा, नवे कपडे. काकूनं जड झाकण उचललं, आणि मी पाहिलं की झाकणाच्या फटीतून दोन वायरी आत गेल्यात.

आत, बाजरीवर, खणाच्या कापडात गुंडाळलेला माझा राउटर लुकलुकत होता!

सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा काकूनं पाहुणे येणार म्हणून आवराआवर केली होती. सोन्यासारखा जप म्हटलं होतं ना मी? मग सोनं जिथं राहतं तिथं तिनं तो ठेवला. बंद करायचा नाही म्हटलं होतं, तर बंदही केला नव्हता. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्र्याचं झाकण. त्यातून नेटवर्क काय, हाकसुद्धा बाहेर आली नसती. वर्षाच्या वडिलांनी कोठीत डोकावून हे काय म्हणून विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत काकूनं शांतपणे उत्तर दिलं.

"आमच्या पोराची नोकरी हाय ती. चार माणसं येणार, नजर लागाय नको म्हणून आत ठेवली."

चारही पाहुणे पुढं झाले. एकेकानं कोठीत वाकून माझी नोकरी पाहिली. वर्षाच्या वडिलांनी हात घालून राउटरला स्पर्श केला आणि मामांकडं बघून म्हणाले, "गरम हाय की." मामांनी गंभीरपणे मान हलवली. सकाळपासून एवढं काम चाललंय म्हटल्यावर गरम होणारच, असं ते म्हणाले. खरं काय ते मी त्या वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी टॉवेल-टोपी पुढं केली.

संध्याकाळच्या आत होकार आला. सासरे आजही लोकांना सांगतात, जावई लई कष्टाळू, घर बघायला गेलो तवा त्यानं मान वर केली नव्हती. मी दरवेळी लाजून खाली बघतो. लाज खरी असते, एवढंच.

लग्नाला दहा वर्षं झाल्यावर एकदा मन हलकं करावं म्हणून मी वर्षाला सगळं सांगितलं, की तुझ्या माणसांनी त्या दिवशी जे पाहिलं ते काम नव्हतंच, मी नुसता बाजरीतलं इंटरनेट शोधत होतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं, मामानं घरी येऊन पडद्यावरची ओळ सांगितली होती ना, नो स्कॅन रिझल्ट्स.

मी विचारलं, मग होकार का दिलास?

"मामा म्हणाला, मशीन पन्नास वेळा नाही म्हणालं तरी पोरगं परत विचारतंय. मी एकदा नाही म्हटलं असतं, तर तुम्ही आमच्या दारातनं हलला असता का? त्यापेक्षा म्हटलं, हो म्हणून मोकळं व्हावं."